दिवाणाखालची पूड: लाकडी सामान आणि माडीची जमीन किडीपासून कशी वाचवायची

सोलापुरात नव्याने संसार मांडला, किंवा आजोबांच्या वाड्यातला एखादा खण वाटणीत आला, की पहिल्याच उन्हाळ्यात हा प्रश्न दारात येतो. दिवाणाखाली झाडू मारला की फिकट पिवळी पूड निघते. पुसून टाकावी, तर आठ दिवसांत पुन्हा तेवढीच. शेजारचे काका सांगतात, "वाळवी लागली, रॉकेल मारा." रंगाच्या दुकानातला माणूस एक डबा पुढे करतो. पैसे वाया जायला इथूनच सुरुवात होते. पूड पडतेय म्हणजे ती बहुधा वाळवी नसतेच.

कामाचा क्रम असा: कोण खातंय ते ओळखायचं, ते अजून आत आहे का ते तपासायचं, लाकूड उघडं करून औषध पाजायचं, आणि शेवटी भोकं बुजवून पॉलिश करायचं. बहुतेक घरांत सुरुवातच भोकं बुजवण्यापासून होते. म्हणून दर उन्हाळ्यात तेच काम पुन्हा निघतं.

खाणारा कोण, ते आधी ठरवा

वाळवी पूड पाडत नाही, माती आणते. ती जमिनीतून येते, तिला ओल लागते आणि उजेड चालत नाही. त्यामुळे भिंतीवरून, चौकटीच्या कडेने, कपाटाच्या पाठीमागून ती मातीच्या बारीक नळ्या बांधत वर चढते. लाकूड आतून खाते आणि वरचा पापुद्रा शाबूत ठेवते. दरवाजाची चौकट दिसायला धड असते, पण खालच्या टोकाला अंगठा दाबला की आत जातो.

पूड पाडतो तो भुंगा. आपल्या घरांत सगळ्यात जास्त सापडतो तो लिक्टस. त्याचं भोक गोल, एक ते दोन मिलिमीटरचं, जाड टाचणी जेमतेम जाईल एवढं. पूड मैद्याइतकी बारीक असते. चिमटीत चोळून पाहा, खरखर लागत नाही. मादी लाकडाच्या उघड्या रंध्रांत अंडी घालते, अळी आतलं पिष्ट खात महिनोन्‌महिने आत राहते, आणि उन्हाळ्यात भुंगा होऊन पृष्ठभाग फोडून बाहेर पडते. म्हणजे भोक दिसलं तेव्हा ते पाडणारा निघून गेलेला असतो. त्या भोकात औषध ओतून त्याला मारता येत नाही. काळजी करायची ती आत अजून असलेल्या त्याच्या भावंडांची.

बांबूच्या आणि वेताच्या सामानाला लागणारा घुण याच गोतावळ्यातला. नव्या बांबूच्या शिडीखाली किंवा वेताच्या खुर्चीखाली सडा पडलेला असला की समजावं, बांबू पाण्यात न मुरवता, औषध न पाजता तसाच वापरलाय. आधीच्या पिढीतले कारागीर बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवायचे. त्याने पिष्ट निघून जातं आणि घुणाला खायला काही उरत नाही. हल्ली तेवढा धीर कुणाला नाही.

तिसरा, लांब मिशांचा भुंगा. याचं भोक अंडाकृती आणि मोठं, सहा ते दहा मिलिमीटरचं. तुळयांत, वाशांत, जाड चौकटींत राहतो. अळी आत वर्षानुवर्षं काढते आणि रात्री पंखा बंद असला की कुरतडल्याचा आवाज स्पष्ट येतो. घरातली म्हातारी माणसं "तुळई बोलते" असं म्हणत असतील, तर हसण्यावारी नेऊ नका, शिडी लावून बघा.

मुंबईहून किंवा कोकणातून बदली होऊन आलेल्यांसाठी एक चौथा प्रकार: कोरड्या लाकडातली वाळवी. हिला जमिनीची ओल लागत नाही, सामानाबरोबर टेम्पोतून येते. हिची खूण म्हणजे पूड नव्हे, तर सुटेसुटे, कडक, सहा कंगोऱ्यांचे बारीक दाणे. असे दाणे दिसले तर ते सामान बाकीच्यापासून लगेच वेगळं काढा.

जिवंत आहे की जुनंच आहे?

हे तपासायला खडू आणि काळा कागद पुरतो. दिसतील तेवढ्या भोकांभोवती खडूने खूण करा, सगळी पूड ब्रशने झाडून काढा, खाली काळा कागद पसरा आणि सामान हलवू नका. मार्च ते जूनमध्ये दोन-तीन आठवड्यांत नवी पूड पडली किंवा खुणेबाहेर नवं भोक दिसलं, तर आत काम चालू आहे. थंडीत ही परीक्षा घेऊन निश्चिंत होऊ नका, तेव्हा अळ्या मंद असतात. नवी भोकं कडेला फिकट आणि धारदार असतात, जुनी धुळीने काळवंडलेली.

इथे बरेच पैसे वाचतात. लिक्टसला पिष्ट लागतं, आणि लाकूड जसं जुनं होतं तसं ते कमी होत जातं. आजीच्या सागवानी कपाटाला भोकं आहेत, पण पूड नाही आणि खुणेबाहेर काही नवं नाही, तर ते कपाट सुखरूप आहे. ते फवारून घ्यायला सांगणाऱ्याला नमस्कार करून निरोप द्या. उलट दोन वर्षांपूर्वी केलेल्या दिवाणाखाली पूड असेल तर आळस करू नका.

पाहायचं कुठे? जिथे कुणी पॉलिश केलेलं नाही तिथे. दिवाणाच्या फळ्यांची खालची बाजू, कपाटाची पाठ, ड्रॉवरचा तळ, टेबलाच्या पायांचे तळवे. सुतार म्हणतो, "खाली कोण बघतंय?" मादी भुंगा नेमकी तिथेच बघते. तिला अंडी घालायला उघडी रंध्रं लागतात, आणि पॉलिश, वार्निश किंवा मेण चढवलेल्या पृष्ठभागावर ती मिळत नाहीत.

दुसरं पाहायचं म्हणजे फळीचा रंग. सागवान असो की बाभूळ, गाभ्याचं लाकूड गडद असतं आणि सालीलगतचा भाग पांढुरका. भुंगा या पांढऱ्या भागात लागतो. "सागाला कीड लागत नाही" हे गाभ्यापुरतं बऱ्यापैकी खरं आहे. पण स्वस्तात मिळालेल्या सागाच्या फळीला एका कडेने हाताच्या दोन बोटांएवढा पांढरा पट्टा असतो, वर रंग लावून तो गाभ्यासारखा केलेला असतो, आणि दोन वर्षांनी ओळीने भोकं पडतात ती त्याच पट्ट्यात. आंब्याचं लाकूड, बाभळीचा कोवळा माल आणि बाजारात "जंगली" म्हणून विकलं जाणारं मिश्र लाकूड यांत तर पांढराच भाग जास्त. घ्यायला हरकत नाही, पण औषध पाजल्याशिवाय घेऊ नका.

टाकणखाराचं पाणी

घरच्या घरी करण्यासारखा, वास नसलेला आणि वर्षानुवर्षं टिकणारा उपाय म्हणजे टाकणखार आणि बोरिक ॲसिड. दहा लिटर पाण्याला ३०० ग्रॅम टाकणखार आणि २०० ग्रॅम बोरिक ॲसिड. एका दिवाणाला एवढं लागत नाही, चार लिटर केलं तर १२० आणि ८० ग्रॅम घ्या. थोडं पाणी चांगलं गरम करा, त्यात आधी टाकणखार आणि मग बोरिक ॲसिड ढवळत विरघळवा, नंतर उरलेलं पाणी घाला. थंडगार पाण्यात खडे तळाशी बसतात आणि वर फक्त पाणी लावल्यासारखं होतं. कॅरमवर टाकायच्या पावडरीवर भागवू नका, त्यात काय किती आहे याचा भरवसा नाही.

आता खरी मेहनत. पॉलिश किंवा रंगाच्या थरावरून हे पाणी आत जात नाही. जिथे पॉलिश आहे तिथे काचकागदाने ते उतरवावंच लागतं. दिवाण उलटा करा, फळ्या काढता येत असतील तर काढा. पूड ब्रशने झाडा. मग रुंद ब्रशने कोमट द्रावण सढळ हाताने लावा. लाकूड पिऊन घेतंय तोवर लावत राहा, सुकायच्या आत दुसरा हात, मग तिसरा. फळ्यांची आडवी कापलेली टोकं सगळ्यात जास्त पितात, तिथे दुप्पट वेळ द्या. जिथे भोकं दाट आहेत तिथे मेडिकलमधून पाच मिलिलिटरची सिरिंज आणून एकेका भोकात द्रावण सोडा. एका भोकात सोडलं की शेजारच्या दोन-तीन भोकांतून बाहेर झिरपतं. आतून केवढं पोखरलंय याचा अंदाज तेव्हा येतो.

यानंतर सावलीत सात-आठ दिवस वाळू द्या. उन्हात घाई केलीत तर पाणी उडून जातं, क्षार वरच साचतो आणि फळी वाकडी होते ती वेगळीच. वर पांढरी बुकटी दिसली तर ओलसर फडक्याने पुसा. मग भोकांत मेण किंवा लांबी भरा आणि पॉलिश करा. लाखदाण्याचं करा, वार्निश करा, जवसाचं उकळलेलं तेल चोळा, काहीही चालेल, पण सहाही बाजूंना. टाकणखार पाण्यात विरघळतो, त्यामुळे पॉलिशचा थर त्याचंही रक्षण करतो. याच कारणाने अंगणातल्या बाकाला किंवा बाहेरच्या फाटकाला हा उपाय टिकत नाही. जवसाच्या तेलाचे बोळे मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेतात. सुटे पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

एवढं करूनही पुढच्या उन्हाळ्यात चार-दोन नवी भोकं पडतील. खोल असलेल्या अळ्यांपर्यंत औषध पोहोचत नाही, त्या मोठ्या होऊन पृष्ठभागाकडे येतात तेव्हा त्यांना ते भेटतं. म्हणून भोकं बुजवल्याची तारीख दिवाणाखालीच पेन्सिलीने लिहून ठेवा.

टाकणखार दिसायला मिठासारखा. उरलेला स्वयंपाकघरात ठेवू नका. लावताना हातमोजे घाला आणि मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

माडी आणि माळवद

लाकडी जमीन म्हटलं की आपल्याकडे दोन वेगळी प्रकरणं निघतात. जुन्या पेठांतल्या वाड्यांत माडीची जमीन म्हणजे तुळया, त्यांवर कड्या, म्हणजे आडवे वासे, आणि वर फळ्या. विजापूर रोड किंवा जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये ती लॅमिनेटची. लॅमिनेटला लिक्टसचा त्रास सहसा होत नाही, पण खालचा बोर्ड वाळवीला आवडतो. त्यामुळे तळमजल्यावर लॅमिनेट टाकण्याआधी वाळवीचा बंदोबस्त करून घ्यायचा. वरच्या मजल्यावर एवढं जपावं लागत नाही.

माडीची जमीन तपासायला दाभण घ्या. वरून फळ्यांत, खालून कड्यांत, हाताच्या जोराने टोचत जा. निरोगी लाकडात दाभण टोकापुरतं रुततं. सरकन आत गेलं की खडूने फुली मारा. त्यानंतर हातोडीची मूठ ठोकत जा, भरीव लाकूड खणखणतं, पोखरलेलं बद्द वाजतं. सगळ्यात काळजीने पाहायची जागा म्हणजे तुळईचं भिंतीत गेलेलं टोक. माळवदावरची, म्हणजे सपाट धाब्याच्या छपरावरची, माती पावसात गळते, पाणी भिंतीतून उतरतं, आणि तुळईचा मधला भाग खडखडीत कोरडा असताना टोक मातीच्या भिंतीत ओलं राहतं. वाळवी आतूनच तिथे पोहोचते, बाहेर एकही नळी दिसत नाही. टोकात दाभण बोटभर गेलं तर औषधाचा विचार नंतर, आधी खालून टेकू लावा, खालची खोली रिकामी करा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

टोकं धड असतील तर माळवदाची गळती आधी थांबवा. मे महिन्यात, पावसाच्या आधी. मग फळ्यांच्या फटींतली वर्षानुवर्षांची धूळ काढून, खालून आणि वरून, टाकणखाराचं पाणी. माडी मोठी असली तर एका बाजूने तुकड्या-तुकड्याने करा, एकाच वेळी सगळी भिजवली की फळ्या फुगून आवाज करू लागतात.

शहराच्या पूर्व भागातल्या काही घरांत जुन्या खड्डामागाचे, म्हणजे जमिनीत खड्डा करून बसवलेल्या हातमागाचे, खांब अजून जमिनीत रोवलेले असतात. माग कधीच बंद पडलेला, वर सामान ठेवलेलं. मातीत पुरलेलं लाकूड म्हणजे वाळवीला थेट जिना. ते काढून टाका, खड्डा नीट भरा. आठवण म्हणून ठेवायचे असतील तर मातीतला भाग कापून फरशीवर दगडी बैठकीत उभे करा.

वाळवी असेल तर

नळ्या दिसल्या की लगेच सगळ्या खरवडू नका. एक नळी मधेच दोन बोटांएवढी तोडा आणि दोन-तीन दिवसांनी पाहा. पुन्हा जोडली गेली असेल तर रस्ता चालू आहे, आणि ती कुठून येते हे तिच्याच मागावर जाऊन सापडतं.

आपल्या शहरात पाणी काही दिवसांआड येतं. आलं की पिंपं, हौद, टाक्या काठोकाठ भरायच्या आणि नळ चालू ठेवून दुसऱ्या कामाला लागायचं. हौदाशेजारची भिंत त्यामुळे भर उन्हाळ्यातही ओली राहते, आणि बाहेर पारा ४२-४३ वर असताना वाळवीला त्याहून चांगली जागा नाही. त्यात काळ्या मातीवरचं बांधकाम. ती माती उन्हात भेगाळते, पावसात फुगते, फरशीच्या कडा सुटतात आणि त्या फटी म्हणजे वाट. हौदाची गळती, मोरीचा पाइप, भिंतीलगतची बाग आणि जिन्याखाली रचलेली लाकडं व पुठ्ठ्याची खोकी: औषधाआधी ही यादी निकालात काढा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, पायांखाली दगडी किंवा पीव्हीसीचे ठोकळे द्या.

जमिनीतलं औषध मात्र पेस्ट कंट्रोलवाल्याकडून. भारतीय मानक ६३१३ च्या तिसऱ्या भागात बांधून झालेल्या इमारतीसाठीची पद्धत दिली आहे: भिंत आणि फरशी मिळतात त्या रेषेवर १२ मिलिमीटरची भोकं, ३० सेंटिमीटरवर एक, प्रत्येकात सुमारे एक लिटर द्रावण. नुसता फवारा मारून अर्ध्या तासात "झालं" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. औषधाचं नाव, प्रमाण आणि हमीची मुदत कागदावर घ्या. सीलबंद बाटली तुमच्यासमोर फोडायला सांगा. घरात आड किंवा बोअर असेल तर काम सुरू व्हायच्या आधी पेस्ट कंट्रोलवाल्याला दाखवा, आड-बोअरच्या आसपास जमिनीत औषध सोडायचं नाही. नवं घर बांधत असाल तर हे काम जोत्याच्या वेळीच होतं आणि स्वस्तात होतं. फक्त भरावात शटरिंगच्या फळ्यांचे तुकडे राहू देऊ नका.

पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले किडे आले आणि सकाळी पंखांचा खच पडला, तर घाबरू नका. ते बाहेरून आलेले असू शकतात. खिडकी बंद असताना भिंतीतून किंवा चौकटीतून निघाले, तरच घरात वारूळ आहे असं समजा.

हे करू नका

रॉकेल. वरवरचे किडे मरतात, रॉकेल उडून जातं आणि मागे काही राहत नाही. जळकं ऑइल तर त्याहून वाईट, त्यावर पुढे कुठलंच पॉलिश धरत नाही.

शेतातली बाटली. उसासाठी, डाळिंबासाठी आणलेलं औषध घरात असतं म्हणून दिवाणाला मारायचं नाही. ते झोपायच्या जागेसाठी बनवलेलं नसतं.

धान्यातल्या गोळ्या. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या या गोळ्या कपाटात ठेवून दार लावणारे लोक आहेत. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू फटींतून शेजारच्या खोलीत जातो आणि झोपलेल्या माणसाला मारतो. याला कसलाही "पण" नाही.

गॅमेक्सिन. कुणी जुनी पुडी काढून दिली तरी घेऊ नका, त्यातल्या बीएचसी या कीटकनाशकावर १९९७ पासून देशात बंदी आहे.

काठवट, पोळपाट, रवी

यांना वरचं एकही औषध नको, टाकणखारही नाही. भाकरीच्या काठवटीला भोकं पडली तर ती घट्ट पिशवीत बांधून डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. आतली अळी थंडीने मरते. मोठी काठवट घरच्या फ्रीजरमध्ये मावत नाही, ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याकडे विचारा. लाटणं, रवी, चमचे एक तास उकळत्या पाण्यात ठेवले तरी काम होतं. गच्चीवरच्या उन्हात वाळवून काम होत नाही, कारण अळी मरायला लाकूड गाभ्यापर्यंत ५५-६० अंश तापायला लागतं आणि तोवर काठवट तडकते. बाहेर काढल्यावर दोन दिवस वाळवा, मग शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल चोळा, भोकांत मधमाश्यांचं मेण भरा.

नवं घेताना

सुताराला ऑर्डर देतानाच सांगा: पांढरा पट्टा रंध्याने काढून टाका, आणि पाठ-तळ सगळं पॉलिश करायचं. पाठ-तळाचे पैसे थोडे जास्त मागेल, द्या. प्लायवर ३०३ किंवा ७१० हा मानक क्रमांक छापलेला आहे का ते पाहा. ३०३ म्हणजे साध्या वापराचा, ७१० म्हणजे मरीन, पाण्याला टिकणारा, मोरीजवळच्या कपाटाला तोच घ्या. जुन्या बाजारातून खाट किंवा खुर्ची आणली तर उन्हाळाभर ती गॅलरीत काळ्या कागदावर ठेवा, आणि कागद कोरा राहिला तरच पावसाळ्याआधी घरात घ्या.